जीवा, लंब आणि अर्धी जीवा: वर्तुळाचं प्रकरण पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

नववीच्या गणित भाग २ मध्ये वर्तुळाचं प्रकरण सुरू झालं की लगेच एक प्रमेय भेटतं: वर्तुळकेंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो. मी नववीत असताना ते सिद्धतेसकट पाठ केलं होतं आणि परीक्षेत बिनचूक लिहिलंही होतं. पण त्याच्या खालची उदाहरणं मात्र सुटायची नाहीत. आकृती काढायची, आकडे लिहायचे आणि पुढे काय करायचं ते सुचायचंच नाही. बऱ्याच वर्षांनी, शेजारच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवायला लागले तेव्हा कारण लक्षात आलं. प्रमेय वाचताना माझं सगळं लक्ष 'लंब' या शब्दावर असायचं. खरा कामाचा शब्द 'दुभागतो' आहे.

हे पूर्ण प्रकरण एकाच काटकोन त्रिकोणावर उभं आहे. त्याची एक बाजू म्हणजे केंद्रापासून जीवेचं अंतर, दुसरी बाजू अर्धी जीवा आणि कर्ण म्हणजे त्रिज्या. हा त्रिकोण आकृतीत दिसला की उदाहरण सुटलंच म्हणा. तो दिसायचा कसा, हेच मी खाली एकेक पायरीने सांगते. विद्यार्थ्यांना उपयोग होईलच, पण मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी हे डोळ्यांसमोर ठेवलं तरी चालेल.

लागणारं सामान

- कंपास. त्याचा स्क्रू घट्ट हवा. सैल कंपासने वर्तुळ सुरू एकीकडे होतं आणि संपतं दुसरीकडे.
- १५ सेंटिमीटरची पट्टी आणि एक गुण्या
- बारीक टोक केलेली पेन्सिल
- चारपाच कोरे कागद, एक जुनं वर्तमानपत्र, कात्री
- घरातली परात किंवा ताट आणि असलाच तर फुटक्या बांगडीचा तुकडा

आधीच्या अभ्यासातल्या तीन गोष्टी पक्क्या हव्यात: पायथागोरसचं प्रमेय, त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या आणि वर्गमूळ काढणं. यातली एखादी कच्ची असेल तर आधी दोन दिवस तिलाच द्या.

१. आधी शब्द पक्के करा

वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोन टोकं ताणून धरणारी ती जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची म्हणजे शर, दोरीवर चढवलेला बाण. हे चित्र एकदा मनात बसलं की शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास. व्यास हीसुद्धा जीवाच असते, सगळ्यांत मोठी. हे लक्षात ठेवा, पुढे एका खाचखळग्यात उपयोगी पडेल.

'केंद्रापासून जीवेचं अंतर' म्हणजे नेहमी लंब अंतर. केंद्रापासून जीवेच्या टोकापर्यंतचं अंतर ही त्रिज्या झाली. मुलं या दोन्हींत गल्लत करतात, कारण आकृतीत दोन्ही रेषा केंद्रातूनच निघून जीवेलाच भेटतात. उदाहरण वाचताना 'अंतर' शब्द आला की आकृतीत काटकोनाची खूण करूनच पुढे जा.

खुणांसाठी मी इथे केंद्राला क, जीवेच्या टोकांना अ आणि ब आणि लंब जिथे जीवेला भेटतो त्या बिंदूला म म्हणते. तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील, बाकी आकृती तीच.

२. सिद्धतेआधी कागद दुमडून बघा

ही पायरी गाळू नका, दहा मिनिटांचं काम आहे.

कंपासने ७-८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं टोक जरा दाबून धरा, म्हणजे केंद्राच्या जागी कागदाला बारीक भोक पडेल. वर्तुळ कापून घ्या. आता केंद्र टाळून कुठेही एक जीवा आखा आणि टोकांना अ, ब नावं द्या. कागद असा दुमडा की अ बरोबर ब वर येईल. उजेडाकडे धरून दोन टोकं जुळलीत ना ते बघा, मग घडी नखाने दाबा आणि कागद उघडा.

घडी त्या भोकातून गेलेली दिसेल. जीवेचे दोन तुकडे मोजा, सारखे भरतील. गुण्या लावा, काटकोन भरेल. जीवा लहान घ्या, मोठी घ्या, तिरकी घ्या, घडी दर वेळी भोकातूनच जाते. माझ्याकडची एक मुलगी पाच वेगवेगळ्या जीवा दुमडून बघत होती. पाचवी घडीही भोकातूनच गेली तेव्हा तिने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, पण का?" त्यानंतर सिद्धता शिकवायला मला काही कष्ट पडले नाहीत.

३. सिद्धता: दोन प्रमेयं, दोन वेगळ्या कसोट्या

सगळ्यांत जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे सावकाश चला. प्रमेयं दोन आहेत आणि ती एकमेकांची उलट आहेत.

पहिलं: केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो.
दुसरं: केंद्र आणि जीवेचा मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड जीवेला लंब असतो.

दोन्हींची आकृती हुबेहूब सारखी आहे: केंद्र क, जीवा अब, मधे रेख कम आणि दोन त्रिज्या, कअ व कब. फरक आहे तो आपल्याला काय दिलंय यात.

पहिल्यात काटकोन दिलाय. मग त्रिकोण कमअ आणि त्रिकोण कमब यांच्याकडे बघा. दोन्हींत म जवळ काटकोन. कअ आणि कब हे कर्ण, आणि एकाच वर्तुळाच्या त्रिज्या म्हणून समान. कम ही बाजू दोघांत सामाईक. कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप झाले, म्हणून संगत बाजू अम आणि मब समान.

दुसऱ्यात मध्यबिंदू दिलाय, म्हणजे अम = मब आपल्या हातात आहे, काटकोन मात्र नाही. म्हणून कर्णभुजा कसोटी इथे लावताच येत नाही. कअ = कब त्रिज्या म्हणून, अम = मब दिलंय म्हणून, कम सामाईक. तीन बाजू झाल्या, बाबाबा कसोटी. म जवळचे दोन्ही संगत कोन समान. ते रेषीय जोडीतले आहेत, बेरीज १८०°, म्हणून प्रत्येकी ९०°.

इथे चुकतं ते असं: दुसऱ्या प्रमेयाच्या सिद्धतेत मुलं सवयीने कर्णभुजा कसोटी लिहून टाकतात. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालतात. वाचायला सिद्धता छान वाटते, पण पायाच नसतो. यावर माझा उपाय साधा आहे. 'पक्ष' आणि 'साध्य' लिहून झाले की साध्याखाली पेन्सिलने रेघ मारा. सिद्धतेची प्रत्येक ओळ लिहिताना रेघ मारलेली गोष्ट कारण म्हणून वापरली जात नाही ना, तेवढं तपासा.

आणखी एक खाचखळगा: 'व्यासाने जीवेला दुभागलं म्हणजे तो तिला लंब असतोच' असं विधान चूक की बरोबर म्हणून येतं. घाईत 'बरोबर' लिहिलं जातं. पण ती जीवा स्वतःच व्यास असेल तर? कोणतेही दोन व्यास एकमेकांना केंद्रात दुभागतात, मग त्यांच्यातला कोन ९०° असो की २०°. म्हणून जीवा व्यास नसावी, ही अट लागते. दुसऱ्या प्रमेयात ही अडचण येत नाही, कारण जीवा व्यास असेल तर तिचा मध्य आणि केंद्र एकच होतात आणि जोडायला रेषाखंडच उरत नाही.

ही प्रमेयं फार जुनी आहेत. इ.स.पू. ३००च्या सुमाराचा ग्रीक गणिती युक्लिड याने भूमितीचा जो ग्रंथ रचला, त्याच्या तिसऱ्या खंडातलं पहिलंच विधान वर्तुळाचं केंद्र शोधण्याचं आहे आणि तिसरं विधान म्हणजे आपली वरची दोन्ही प्रमेयं. केंद्र शोधण्याकडे आपणही सातव्या पायरीला येणार आहोत.

४. काटकोन त्रिकोण उभा करा आणि उदाहरणं सोडवा

सूत्र एकच:

त्रिज्या² = अंतर² + अर्धी जीवा²

तिघांपैकी दोन गोष्टी दिलेल्या असतात, तिसरी काढायची असते. एवढे तीनच प्रकार होतात.

*त्रिज्या आणि जीवा दिली, अंतर काढा.* त्रिज्या १३ सेमी, जीवा २४ सेमी. अर्धी जीवा १२. अंतर² = १६९ − १४४ = २५. अंतर ५ सेमी.

*त्रिज्या आणि अंतर दिलं, जीवा काढा.* त्रिज्या १७ सेमी, अंतर ८ सेमी. अर्धी जीवा² = २८९ − ६४ = २२५, म्हणजे अर्धी जीवा १५. जीवा ३० सेमी.

*जीवा आणि अंतर दिलं, त्रिज्या काढा.* जीवा ४८ सेमी, अंतर ७ सेमी. त्रिज्या² = ४९ + ५७६ = ६२५. त्रिज्या २५ सेमी.

आता चुका. आलेल्या वह्यांमध्ये याच तीन पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली चूक म्हणजे जीवा अर्धी करायचं राहतं. पहिल्या उदाहरणात २४ तसेच घेतले तर १६९ − ५७६ येतं, म्हणजे ऋण संख्या. वर्गमूळाखाली ऋण संख्या आली की थांबा आणि मागे जा, जवळजवळ नेहमी जीवा अर्धी करायची राहिलेली असते. ही चूक निदान स्वतःहून समोर येते.

दुसरी चूक लपून राहते. दुसऱ्या उदाहरणात १५ आले की मुलं 'जीवा १५ सेमी' लिहून मोकळी होतात. १५ ही संख्या बघून काहीच खटकत नाही. म्हणून मी मुलांना सांगते की अज्ञात राशीला आधी नाव द्या. 'अम = १५' असं लिहिलं तर पुढची ओळ 'अब = २ × अम' आपोआप सुचते. नुसतं '= १५' लिहिलं की संपलंच. शेवटी एक पडताळणी करा: जीवा व्यासापेक्षा मोठी आलेली नाही ना? इथे व्यास ३४, जीवा ३०, ठीक आहे.

तिसरी चूक वर्गमूळाची. १६९ − १४४ चं वर्गमूळ म्हणून १३ − १२ = १ असं लिहिलं जातं. वजाबाकी आधी, वर्गमूळ नंतर. हे तोंडी कितीही सांगितलं तरी घाईत होतंच, म्हणून वजाबाकीची वेगळी ओळ लिहायची सवय लावा.

३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही त्रिकुटं आणि त्यांच्या पटी ओळखीच्या झाल्या की बरीच उदाहरणं डोळ्यांनीच तपासता येतात. पण सगळं पूर्णांकातच येईल असं धरू नका. त्रिज्या ९, अंतर ३ घ्या. अर्धी जीवा √७२, म्हणजे ६√२ आणि जीवा १२√२. इथे दुप्पट करताना मुळाबाहेरचा ६ दुप्पट करायचा, मुळाखालच्या २ ला हात लावायचा नाही.

अर्ध्या जीवेचा हा मान नवा नाही. आर्यभटाने इ.स. ४९९च्या आपल्या ग्रंथात कोष्टक दिलं ते अर्धज्येचं. पुढे बोलण्यात नुसतं 'ज्या' राहिलं. हाच शब्द 'जीवा' या रूपातून अरबीत 'जीब' म्हणून गेला, तिथे तो 'जैब' वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सायनस' झालं. त्रिकोणमितीत तुम्ही जो 'साइन' शिकता, तो मुळात हीच अर्धी जीवा आहे.

५. दोन समांतर जीवा: आधी बाजू ठरवा

त्रिज्या २५ सेमी, समांतर जीवा १४ सेमी आणि ४८ सेमी, त्यांच्यातलं अंतर किती?

अर्ध्या जीवा ७ आणि २४. केंद्रापासून अंतरं अनुक्रमे २४ आणि ७. इथवर सोपं आहे. पुढे प्रश्न येतो, जीवा केंद्राच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना? विरुद्ध असतील तर २४ + ७ = ३१ सेमी. एकाच बाजूला असतील तर २४ − ७ = १७ सेमी.

प्रश्नात बाजू सांगितली नसेल तर दोन्ही आकृत्या काढून दोन्ही उत्तरं लिहा. एकदा मी एकच आकृती काढली होती आणि अर्धे गुण गेले होते. रागही आला होता, पण पेपर तपासणाऱ्यांचं बरोबर होतं.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते: लहान जीवा केंद्रापासून लांब आहे, मोठी जवळ आहे. जीवा केंद्राकडे सरकत गेली की वाढत जाते आणि केंद्रावर आली की व्यास होते. तुमच्या उत्तरात मोठी जीवा लांब आणि लहान जवळ आली असेल, तर कुठेतरी आकडे अदलाबदल झालेत.

६. समान जीवा, समकेंद्री वर्तुळं

एकाच वर्तुळातल्या (किंवा एकरूप वर्तुळांतल्या) एकरूप जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात आणि समान अंतरावरच्या जीवा एकरूप असतात. चौथ्या पायरीचं सूत्र बघितलं की हे लगेच पटतं: त्रिज्या तीच, अर्धी जीवा तीच, तर अंतर दुसरं येणार कुठून? कंसातले शब्द मात्र उत्तरात लिहायला विसरू नका. वर्तुळं वेगवेगळ्या आकाराची असतील तर विधान खोटं ठरतं.

या भागातलं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण: दोन समकेंद्री वर्तुळं आहेत. एक रेषा बाहेरच्या वर्तुळाला अ आणि ब मध्ये, आतल्याला प आणि फ मध्ये छेदते, क्रम अ-प-फ-ब. अप = फब सिद्ध करा. मुलं इथे त्रिकोण शोधत बसतात. केंद्रातून एकच लंब टाका. तो मोठ्या वर्तुळाची जीवा दुभागतो आणि लहान वर्तुळाचीही, कारण केंद्र दोघांचं एकच आहे. अम = मब आणि पम = मफ. पहिल्यातून दुसरं वजा केलं की अप = फब. दोन ओळींत काम झालं.

७. केंद्र हरवलेलं वर्तुळ

आतापर्यंत केंद्र आपल्याला दिलेलं होतं. आता परात वर्तमानपत्रावर पालथी घालून कडेने पेन्सिल फिरवा. वर्तुळ मिळालं, केंद्र कुठे आहे?

1. वर्तुळात एक मोठी जीवा आखा. तिच्याशी साधारण काटकोनात येईल अशी दुसरी जीवा आखा.
2. दोन्ही जीवांचे लंबदुभाजक काढा. शाळेच्या कंपासने एवढी मोठी जीवा दुभागता येत नाही, म्हणून दुसऱ्या पायरीसारखं करा: टोकावर टोक आणून कागद दुमडा.
3. दोन घड्या जिथे छेदतात ते केंद्र.

कारण सरळ आहे. केंद्र जीवेच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतं, म्हणून ते तिच्या लंबदुभाजकावर असायलाच हवं. दोन जीवा, दोन लंबदुभाजक आणि दोघांवर असणारा बिंदू एकच.

काळजी घ्या: दोन जीवा जवळजवळ समांतर घेतल्यात तर लंबदुभाजकही जवळजवळ एकावर एक पडतात. छेदनबिंदू नेमका कुठे आहे ते कळत नाही, पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकीने केंद्र बोटभर सरकतं. खात्रीसाठी तिसरी जीवा घ्या. तिन्ही रेषा एका बिंदूत मिळाल्या तर उत्तम. मधे बारीक त्रिकोण तयार झाला, तर तो जेवढा मोठा तेवढी तुमची चूक.

सुतार हेच काम गुण्याने करतात. गुण्याचा काटकोन वर्तुळाच्या कडेवर टेकवतात. त्याच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की व्यास मिळतो. जागा बदलून दुसरा व्यास काढला की छेदतात तिथे केंद्र. हे का होतं ते दहावीत येतं: अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो.

फुटक्या बांगडीलाही पहिली रीत चालते, पूर्ण वर्तुळ लागतच नाही. तुकडा कागदावर ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवा, त्या कंसावर तीन बिंदू घ्या, दोन जीवा आखा आणि लंबदुभाजक काढा. छेदनबिंदूपासून कंसापर्यंत मोजलेली लांबी म्हणजे त्रिज्या. तीन बिंदूंतून काढलेलं हे वर्तुळ म्हणजे त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाचं परिवर्तुळच. पुढच्या भागातली परिवर्तुळाची रचना तुम्ही इथेच शिकून घेतलीत.

८. जीवा आणि शर माहीत असेल तर त्रिज्या

माझे मामा गवंडीकाम करतात. एका घराच्या दर्शनी खिडकीला कमान करायची होती. त्यांनी मला विचारलं, "अगं, सहा फुटांचा गाळा आहे, मधे एक फूट उचल द्यायचीय. दोरी किती धरू?" एरवी ते दोरी कमीजास्त करत अंदाजाने जमवतात आणि जमतंही. पण त्या दिवशी प्लायवूड एकदाच कापायचं होतं.

गाळा म्हणजे जीवा, ६ फूट. उचल म्हणजे शर, १ फूट. त्रिज्या माहीत नाही, तिला त म्हणू. केंद्रापासून जीवेचं अंतर म्हणजे त्रिज्येतून शर वजा केला की उरतं ते, त − १. अर्धी जीवा ३. तोच काटकोन त्रिकोण:

त² = (त − १)² + ३²
त² = त² − २त + १ + ९
२त = १०
त = ५

दोरी पाच फूट. केंद्राची खुंटी गाळ्याच्या मध्यापासून चार फूट खाली. मामांनी जोत्यावर खडूने सहा फुटांची रेघ मारली, तिच्या मध्यातून गुण्याने लंब टाकला, चार फुटांवर खिळा ठोकला आणि पाच फुटांची दोरी फिरवली. खडू रेघेच्या एका टोकातून निघाला, मधे बरोबर एक फूट वर गेला आणि दुसऱ्या टोकाला येऊन टेकला.

मला नंतर कळलं की हे आकडे फार जुने आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराला, असंच उदाहरण आहे: वर्तुळाचा व्यास १०, ज्या (इथे पूर्ण जीवा) ६, तर शर सांग; मग शरावरून ज्या सांग; आणि ज्या व शर यांवरून व्यास सांग. शर येतो १. मामांच्या कमानीचा व्यासही १० फूटच होता. व्यास काढायची भास्कराचार्यांची रीत अशी: अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागा आणि त्यात शर मिळवा. ९ ÷ १ + १ = १०. वरचं समीकरण सोडवलं की हेच सूत्र निघतं, करून बघा. चाळीसगावजवळ पाटण इथे देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. तिकडे गेलात तर मुलांना तो जरूर दाखवा.

सावध राहा: शर लहान असला की ही रीत नाजूक होते. बांगडीच्या तुकड्यावर मी ४ सेमीची जीवा घेतली, शर ०.८ सेमी भरला. अर्ध्या जीवेचा वर्ग ४, भागिले ०.८ म्हणजे ५, अधिक ०.८. व्यास ५.८ सेमी. बांगडीचा 'दोन-चार' आकार म्हणजे आतून सव्वादोन इंच, सुमारे ५.७ सेमी. म्हणजे बरोबर जुळलं. पण मोजताना एक मिलिमीटर चुकून शर ०.७ घेतला असता तर व्यास ६.४ आला असता, म्हणजे 'दोन-आठ'. एका मिलिमीटरने बांगडी दोन आकार मोठी झाली! म्हणून लहान तुकड्याला जीवा शक्य तेवढी मोठी घ्या आणि सातव्या पायरीच्या लंबदुभाजकांनीही एकदा पडताळा.

९. सरावाला

वही मिटून, आकृतीपासून सुरुवात करा. प्रत्येक आकृतीत काटकोनाची खूण आणि 'अर्धी जीवा' हे शब्द लिहिलेच पाहिजेत.

1. त्रिज्या १० सेमी, जीवा १६ सेमी. अंतर?
2. त्रिज्या २९ सेमी, अंतर २० सेमी. जीवा?
3. त्रिज्या १० सेमी, समांतर जीवा १२ सेमी आणि १६ सेमी. त्यांच्यातलं अंतर?
4. १० सेमी आणि १७ सेमी त्रिज्येची दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, सामाईक जीवा १६ सेमी, केंद्रं जीवेच्या विरुद्ध बाजूंना. केंद्रांमधलं अंतर?
5. कमानीचा गाळा ८ फूट, उचल २ फूट. दोरी किती?

उत्तरं: (१) ६ सेमी. (२) ४२ सेमी. (३) विरुद्ध बाजूंना १४ सेमी, एकाच बाजूला २ सेमी. (४) ६ + १५ = २१ सेमी. (५) ५ फूट. पाचव्यात दोरी मामांच्या कमानीएवढीच आली, गाळा आणि उचल मात्र वेगळी आहे. एकाच पाच फुटांच्या वर्तुळातून हे दोन्ही तुकडे कसे निघतात, ते दोन्ही जीवा एकाच आकृतीत आखून बघा.